निळी डॅम्सेल अचानक काळी का पडते? आणि तिला परत द्यावं का?

ओंजळभर_समुद्र | ३ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी खाऱ्या पाण्याची टाकी अडीच महिन्यांची झाली. दोनशे लिटरची, जिवंत खडक (समुद्रातले सूक्ष्म जीव वसलेले खडक) टाकून केलेली. तीत पहिला मासा सोडला तो निळी डॅम्सेल, तोही पाणी भरल्यावर तिसऱ्याच दिवशी. विक्रेत्याने सांगितलं, "हा चिवट मासा आहे, मरत नाही. याच्यावर टाकी सायकल करून घ्या आणि मग बाकीचे आणा." मला त्यातलं काही कळत नव्हतं, मी ऐकलं.

मासा जगला. बोटाच्या दोन पेरांएवढा आहे, कोबाल्टसारखा झळझळीत निळा. तोंडापासून डोळ्यातून जाणारी काळी रेघ आहे, शेपटी पारदर्शक, आणि पाठीवरचा पर जिथे संपतो तिथे बुडाशी एक बारीक काळा ठिपका. दोन आठवड्यांपूर्वी क्लाउनफिशची जोडी आणि एक गोबी (वाळूत बीळ करणारा छोटा मासा) आणला आणि तेव्हापासून घरात शांतता नाही. डॅम्सेल दिवसभर गोबीच्या मागे लागते. क्लाउनना तर टाकीच्या एका वरच्या कोपऱ्यातच कोंडून ठेवलंय तिने.

दुसरी गोष्ट जास्त घाबरवणारी. काच पुसायला हात आत घातला की ती खडकाच्या कपारीत घुसते आणि काळी पडते. थोडी फिकट वगैरे नाही, कोळशासारखी काळी. हात काढला की काही वेळाने पुन्हा निळी. आजार आहे का हा? आणि स्वभावाचं काही होत नसेल तर तिला परत देऊन टाकावं असं घरचे म्हणतायत. माझं मन होत नाही, पण गोबीकडे बघवतही नाही.

---

भरती_ओहोटी | ३ मार्च, रात्री १०:१५

स्वागत. वर्णन इतकं नीट केलंय की फोटोची गरज नाही. शास्त्रीय नाव क्रायसिप्टेरा सायेनिया. शेपटी पारदर्शक आणि पाठीच्या पराशी काळा ठिपका, म्हणजे मादी किंवा अजून वाढीचं पिल्लू. नराला तो ठिपका नसतो, आणि पश्चिम प्रशांत महासागराच्या काही भागांत नराची शेपटी केशरी असते. त्यामुळे एकाच जातीचे नर-मादी वेगवेगळ्या जातींचे म्हणून विकले जातात, हे मी स्वतः पाहिलंय.

पिवळ्या शेपटीची जी निळी डॅम्सेल सगळीकडे मिळते ती हिची चुलत बहीण, क्रायसिप्टेरा पॅरासेमा. ती पुष्कळ सौम्य असते. बरेच जण पॅरासेमाबद्दल वाचून सायेनिया आणतात आणि मग हैराण होतात.

जातीचं नाव १८२५ सालचं. क्वॉय आणि गेमार हे दोघे फ्रेंच नौदलातले शल्यविशारद. 'युरानी' नावाच्या जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले होते आणि वाटेत प्राणी गोळा करत होते. १८२० मध्ये फॉकलंड बेटांपाशी ते जहाज खडकावर आपटून फुटलं. त्या प्रवासातून परत आलेल्या कामात या निळ्या माशाचं वर्णन आहे, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

रंगाचं कवडसा सांगतील, त्यांचा विषय आहे.

---

कवडसा | ४ मार्च, सकाळी ७:०५

हाक मारलीत, आलो. लांबण लागेल, आधीच सांगतो.

या माशाच्या अंगात निळं रंगद्रव्य नाही. जराही नाही. मोरपिसाचा निळा रंग जसा पिसाच्या घडणीतून येतो, साबणाच्या फुग्यावर रंग कुणी फासलेले नसतात, तसंच हे आहे. कातडीच्या सर्वांत वरच्या थराखाली इरिडोफोर नावाच्या पेशी पसरलेल्या असतात. त्यांच्यात ग्वानिन नावाच्या स्फटिकाच्या अतिशय पातळ तबकड्या एकावर एक रचलेल्या. तबकडी, मग थोडी जागा, पुन्हा तबकडी. प्रकाश आत शिरला की प्रत्येक तबकडीवरून थोडाथोडा परततो. तबकड्यांमधलं अंतर ज्या तरंगलांबीला जुळतं ती बळावते, बाकीच्या एकमेकींना मारतात. या माशात ते अंतर निळ्याला जुळणारं आहे.

आता खरी गंमत. हे अंतर पक्कं नाही! १९८७ मध्ये कासुकावा, ओशिमा आणि फुजी या जपानी संशोधकांनी याच माशाच्या पेशींवर काम करून दाखवलं की तबकड्या एकाच वेळी जवळ किंवा लांब सरकतात. अंतर वाढलं की परतणारा रंग हिरव्याकडे झुकतो. घटलं की जांभळ्याकडे आणि त्याच्याही पलीकडे, आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील भागाकडे. त्या थराच्या खाली काळ्या रंगद्रव्याच्या पेशी असतातच. निळा परतायचा थांबला की आपल्याला उरलेला काळा दिसतो.

आणि हे सगळं मज्जातंतूंच्या हुकमावर चालतं. भीती वाटली की आपल्या छातीत जी मज्जासंस्था धडधड सुरू करते, माशातली तीच व्यवस्था इथे तबकड्या हलवते. म्हणून बदल इतका झटकन होतो. सरड्याला रंग बदलायला जेवढा वेळ लागतो तेवढाही इथे लागत नाही.

तेव्हा ताई, तुमची डॅम्सेल आजारी नाही. तिला तुमच्या हाताची भीती वाटते आणि ती भीती तुम्हाला तिच्या अंगावर दिसते. कपारीतल्या सावलीत झळझळीत निळा मासा लगेच ओळखू येईल, काळा येणार नाही. एवढं साधं आहे ते.

लक्ष कधी द्यायचं तेही सांगतो. हात काढल्यावर अर्धा-एक मिनिटात निळी होत असेल तर ठीक. तासन्‌तास काळसर राहिली, कल्ले भराभर हलत असले, खायला बाहेर येत नसेल, तर आधी पाणी तपासा.

---

ओंजळभर_समुद्र | ४ मार्च, सकाळी ९:३०

कवडसा, दोनदा वाचलं. तबकड्या सरकतात हे वाचून लगेच टाकीपाशी जाऊन उभी राहिले. काल रात्री मी मनात आकडे मोजले होते. हात काढल्यावर वीस मोजेपर्यंत ती काळीच होती, मग आधी पाठ निळी झाली, मग पोट. खाते व्यवस्थित, कल्लेही शांत आहेत.

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट थोडं आहे. टेस्ट किट मी पहिल्या महिन्यानंतर घेतलं, त्यामुळे सुरुवातीला काय होतं ते माहीत नाही.

---

मिठाचा_खडा | ४ मार्च, दुपारी १:२०

सुरुवातीला काय होतं ते मी सांगतो, कारण मी तेच केलंय आणि त्याची मला आजही खंत आहे.

नव्या टाकीत अमोनिया खाणारे जिवाणू नसतात. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो, उरलेलं अन्न कुजून आणखी तयार होतो. आधी एका जातीचे जिवाणू वाढून अमोनियाचं नायट्राइट करतात, मग दुसरे वाढून नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे बस्तान बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. यालाच आपण सायकल म्हणतो. या काळात मासा स्वतःच्याच विषात पोहत असतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास. पीएच जितका चढा तितका अमोनियाचा विषारी भाग मोठा. गोड्या पाण्यात जेवढं निभावून जातं तेवढं इथे निभावत नाही. कल्ले अक्षरशः भाजून निघतात.

'चिवट मासा' याचा अर्थ एवढाच की तो हे सोसूनही बऱ्याचदा मरत नाही. सोसतो म्हणजे त्याला त्रास होत नाही असं नाही. मी पहिल्या टाकीत तीन डॅम्सेल टाकल्या होत्या, अशाच सल्ल्यावर. एक पाचव्या दिवशी गेली, दुसरी नवव्या. तिसरी पृष्ठभागाशी तोंड लावून श्वास घेत असायची, मी रोज ऑफिसला जाताना बघायचो आणि पुस्तकात लिहिलंय तसं चाललंय असं समजायचो. ती जगली. सहा वर्षं जगली. पण ते नऊ दिवस मी विसरलेलो नाही.

माशाची काहीच गरज नसते हो. अमोनियम क्लोराइड मोजून टाका, किंवा कोळंबीचा एक तुकडा कुजायला ठेवा. जिवाणूंना अमोनिया कुठून आला याच्याशी देणंघेणं नाही. रोज तपासा. घातलेला अमोनिया एका दिवसात शून्यावर आला, नायट्राइटही शून्य झालं, की टाकी तयार. एका जिवाचे हाल वाचतात.

ओंजळभर_समुद्र, हे तुम्हाला दोष देण्यासाठी लिहिलेलं नाही. तुम्हाला सांगणारं कुणी नव्हतं. हा धागा उद्या कुणीतरी नवं वाचेल म्हणून सविस्तर लिहिलं.

---

प्रवाळप्रेमी | ४ मार्च, दुपारी २:०२

मिठाचा_खडा यांना +१००. प्रत्येक शब्दाला.

---

तळपाणी | ४ मार्च, सायंकाळी ६:४५

माझं मत थोडं वेगळं आहे. सायकलचं सगळं मान्य, पण आता प्रश्न गोबीचा आहे. सायेनिया वयाबरोबर जास्त आक्रमक होत जाते. दोनशे लिटर तिला पुरत नाहीत. माझ्याकडे एकीने फायरफिशला इतकं पिडलं की तो टाकीतून उडी मारून बाहेर पडला. भावना बाजूला ठेवून मोठी टाकी असलेल्या कुणालातरी द्या. तिलाही बरं, इतरांनाही बरं.

---

दर्यावर्दी | ४ मार्च, रात्री ११:१०

तळपाणी यांचा मुद्दा चुकीचा नाही, पण देऊन टाकण्याआधी हा मासा मूळ ठिकाणी कसा राहतो ते बघू.

इंडोनेशियात एका लगूनमध्ये मी यांच्यात तासभर पडून होतो. पडून म्हणजे खरोखर पडून, कारण पाणी कमरेएवढंच होतं. ही खोल पाण्यातली जात नव्हे, ओहोटीच्या उथळ पाण्यापासून जास्तीत जास्त दहा मीटरपर्यंत राहते. आडोशाचं शांत पाणी, प्रवाळाचे मोडके तुकडे पसरलेले, आणि त्या प्रत्येक ढिगाऱ्यावर आठ-दहा निळ्या ठिणग्या तरंगत असलेल्या. प्रवाहाकडे तोंड करून वाहत येणारं काहीबाही टिपत होत्या. सूक्ष्म कवचधारी, ट्युनिकेट नावाचे तरंगणारे मऊ जीव, मधूनच खाली उतरून शेवाळाचा चावा.

ढग आला आणि माझी सावली हलली. सगळ्या एकदम नाहीशा. मी श्वास धरून बघत राहिलो. तुकड्यांच्या फटींमध्ये काळे मासे होते, मघाशी नव्हते असे. कवडसांनी वर लिहिलंय ते तेव्हा मला माहीत नव्हतं. मला वाटलं ही दुसरी जात. मग त्यातला एक बाहेर आला आणि डोळ्यांसमोर निळा झाला.

सांगायचं हे की त्यांचं प्रत्येकीचं एक बीळ ठरलेलं होतं. दुसरीच्या बिळात कुणी घुसलं नाही. घुसायचा प्रयत्न करणारीला लगेच हाकललं जायचं, पण हाकलणं हातभर अंतरावर संपायचं. पलीकडची हद्द लागली की पाठलाग थांबे. तुमच्या टाकीत पलीकडची हद्द नाहीच, ताई. पहिली आली, एकटी आली, सगळी टाकी तिचीच. मग तिच्या घरात न विचारता तिघे आले. तिच्या बाजूने बघितलं तर ती खोडकर नाही, घर राखतेय.

---

ओंजळभर_समुद्र | ५ मार्च, सकाळी ८:१५

दर्यावर्दी, "घर राखतेय" हे वाचून गलबलून आलं. आता परत द्यायचा प्रश्न मी बाजूला ठेवलाय. करू काय ते सांगा. तळपाणी, तुमचा मुद्दाही डोक्यात आहे. गोबीचं काही बरंवाईट होऊ देणार नाही.

---

शेवाळवेडी | ५ मार्च, सकाळी ११:५०

हे करून बघा. माझ्याकडे दोनदा उपयोगी पडलंय.

आधी डॅम्सेल पकडायची. जाळीने पाठलाग करू नका, सगळे खडक पडतील आणि ती काळी होऊन कुठल्या फटीत गेली ते सापडायचंही नाही. प्लास्टिकच्या बाटलीचं तोंडाकडचं टोक कापून उलटं आत बसवा, आत थोडं खाणं टाका आणि तिच्या बिळाशेजारी ठेवून द्या. अधाशी असते, तासाभरात आत जाते.

मग तिला त्याच टाकीत भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात ठेवा, चार-पाच दिवस. तिला इतर दिसतात, इतरांना ती दिसते, पण चावा घेता येत नाही. याच दिवसांत खडकांची रचना बदला. नुसते इकडचे तिकडे करू नका, तिचं जुनं बीळ ओळखू येणार नाही अशी बदला, आणि दोन वेगळे ढिगारे करा, मध्ये मोकळी वाळू. म्हणजे दर्यावर्दींनी सांगितलेली पलीकडची हद्द तयार होते. क्लाउन आणि गोबी आधी आपापली जागा धरतील. डॅम्सेल शेवटी सोडा, दिवे मालवल्यावर. आता ती नवखी आणि ते जुने.

खाणं थोडं थोडं पण दिवसातून तीनदा. पोट भरलेलं असलं की पाठलाग कमी होतो.

एवढं करूनही पंधरा दिवसांत गोबीचे पर फाटलेले दिसले तर मात्र तळपाणींचं ऐका. तो हट्ट करायचा नाही.

---

कासवगती | ५ मार्च, दुपारी ४:३०

वाचतेय. शेवाळवेडी, तुमच्याकडे सायेनियाने अंडी दिली होती ना? मागे कुठेतरी ओझरतं लिहिलं होतंत. सवडीने सविस्तर लिहा की.

---

शेवाळवेडी | ६ मार्च, रात्री १०:००

लिहिते.

माझ्या सहाशे लिटरच्या टाकीत एक नर आणि दोन माद्या आहेत. तिघं लहान असताना एकदम सोडली. नराने टाकीच्या उजव्या बाजूला बार्नकलचा (खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी जिवाचा) एक मोठा रिकामा सांगाडा धरलाय, मुठीएवढा. त्यात तो कुणालाही डोकावू देत नाही. पण एके दिवशी बघते तर मोठी मादी आत जाऊन आली आणि याने काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. अंडी नाहीत, काही नाही, नुसती आत जाते, दोन-तीन क्षण थांबते, निघून जाते. हे मला कळेना. मग वाचलं की निसर्गात याच जातीच्या माद्या वेगवेगळ्या नरांच्या घरट्यांना अशा भेटी देतात. ग्रोनेल नावाच्या संशोधकाने १९८९ मध्ये त्यावर लिहिलं, आणि नर कसा आहे हे पारखायची ती पद्धत असावी असा अंदाज मांडला. माझ्या टाकीत पारखायला दुसरा नर नाही, तरी बिचारी रोज जाऊन बघून येत होती.

आठवड्याभराने सकाळी नर आतून बाहेर येईना. टॉर्च लावून पाहिलं तर सांगाड्याच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटलेली, एकेक जेमतेम मिलिमीटरभर, लांबट, जवळजवळ पारदर्शक. मादी मोकळी. सगळं काम नराचं. छातीजवळच्या परांनी तो सतत पाणी हलवत असतो, तोंडाने अंडी चाचपतो, खराब झालेली काढून खातो. त्या दिवसांत माझ्या हातावरसुद्धा तो धावून यायचा. हा एवढासा जीव, माझ्या मनगटावर! आणि तेव्हा तो काळा पडत नव्हता. एरवी माझा हात दिसला की लपणारा मासा झळझळीत निळा राहून समोर येत होता.

तिसऱ्या दिवशी अंड्यांत डोळे दिसले, चंदेरी ठिपके. चौथ्या रात्री दिवे मालवल्यावर तासाभराने ती फुटली. सकाळी सांगाडा रिकामा होता.

पिल्लं जगवायचा प्रयत्न पाच वेळा केला. पाचही वेळा फसला. जन्मतः त्यांचं तोंड इतकं बारीक असतं की रोटिफर हा सूक्ष्म जीवसुद्धा काहींना मोठा पडतो. कोपेपॉड या इवल्या कवचधारी जिवांची नुकती जन्मलेली पिल्लं लागतात आणि ती अखंड पुरवावी लागतात. माझी सर्वांत जास्त मजल सहा दिवसांची. पुन्हा करणार आहे, कोपेपॉडची पैदास आता जमायला लागलीय.

---

भरती_ओहोटी | ७ मार्च, सकाळी ६:५५

फार सुंदर लिहिलंय. विणीच्या हंगामाबद्दल एक भर घालतो. ओकिनावात र्‍युक्यू विद्यापीठातल्या लोकांनी याच जातीवर बरंच काम केलंय. तिथे दिवस मोठा होणं आणि पाणी उबदार होणं या दोन्हींवर मादीच्या अंडाशयाची वाढ अवलंबून असते असं दिसलं. २०११ च्या एका कामात तर लांब तरंगलांबीचा, म्हणजे तांबड्याकडचा प्रकाश अंडाशयाच्या वाढीला चालना देतो असं आढळलं. समुद्रात तांबडा प्रकाश खोलवर पोचत नाही, पहिल्या काही मीटरांतच विरतो. पण ही जात राहतेच उथळ पाण्यात. आपण रीफ टाकीवर निळे दिवे लावतो ते प्रवाळासाठी. विणीची वाट बघणाऱ्यांनी दिव्यातल्या तांबड्याचाही विचार करावा.

---

तळपाणी | ७ मार्च, सकाळी ९:२०

ही तांबड्या प्रकाशाची माहिती मला पूर्ण नवीन आहे. आभार.

---

कवडसा | ७ मार्च, रात्री ८:४०

अवांतर आहे, पण राहवत नाही.

डॅम्सेलच्या कुळात चारशेच्या आसपास जाती आहेत, क्लाउनफिशही त्यातलेच. यांतल्या बऱ्याच जणांना अतिनील प्रकाश दिसतो. अम्बॉन डॅम्सेल आणि लेमन डॅम्सेल हे दोन पिवळे मासे आपल्याला सारखेच वाटतात. अतिनील कॅमेऱ्यातून पाहिलं तर दोघांच्याही तोंडावर बारीक ठिपके आणि रेघांची नक्षी दिसते, प्रत्येक जातीची वेगळी. क्वीन्सलंडमध्ये झीबेक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की अम्बॉन डॅम्सेल त्या नक्षीवरून आपली आणि परकी जात ओळखते. प्रवाळावरच्या अनेक शिकारी माशांना अतिनील दिसत नाही, त्यामुळे ही खूण आपसातच राहते.

म्हणून निळी डॅम्सेल काळी पडली असं म्हणताना मला नेहमी वाटतं की आपल्यासाठी ती काळी पडली. शेजारच्या डॅम्सेलला त्या क्षणी काय दिसत असेल?

---

कासवगती | ८ मार्च, दुपारी १२:१५

लिंगबदलाबद्दल विचारायचं होतं. क्लाउनमध्ये नराची मादी होते हे माहीत आहे. डॅम्सेलमध्येही तसंच का?

---

भरती_ओहोटी | ८ मार्च, दुपारी १:००

एकाच कुळात दोन्ही तऱ्हा आहेत. क्लाउनमध्ये मोठी असते ती मादी. ती गेली की तिच्या जोडीचा नर मादी होतो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची हंबग डॅम्सेल, डॅसिलस अरुआनस, तिच्यात उलटं. प्रवाळाच्या एका झुडपात एक गट राहतो आणि त्यातला सर्वांत मोठा सहसा नर. तो गेला की मोठी मादी नर होते. त्या गटात आकाराप्रमाणे रांग असते आणि मोठे मासे प्रवाहातलं चांगलं खाणं आधी उचलतात, त्यामुळे रांगेतले धाकटे धाकटेच राहतात.

---

मिठाचा_खडा | ८ मार्च, रात्री ९:३०

एक गोष्ट या धाग्यात यायला हवी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या जागतिक संवर्धन केंद्राने २००३ मध्ये शोभेच्या सागरी माशांच्या व्यापाराचा आढावा घेतला होता. सर्वांत जास्त विकल्या जाणाऱ्या पहिल्या दहा जातींत सायेनिया होती, हंबगही होती. यातले बहुतेक मासे पैदास केलेले नसतात, प्रवाळावरून पकडून आणलेले असतात. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून शोभेचे मासे पकडायला सायनाइड फवारलं जाऊ लागलं. मासा गुंगतो, पकडायला सोपा, पण आजूबाजूचा प्रवाळ मरतो आणि मासाही आतून खंगतो.

आपल्या हातात काय आहे? मासा जाळीने पकडलेला आहे का हे विचारणं. पैदास केलेला मिळत असेल तर तोच घेणं. पॅरासेमा आता पैदास करून मिळू शकते. आणि जी आपल्याकडे आलीय तिला 'सायकलचा मासा' न समजणं. शेवाळवेडींची सहावी खेप जमली तर त्यांचा सत्कार मी करणार.

---

ओंजळभर_समुद्र | २९ मार्च, रात्री ८:२५

धागा वर काढतेय. काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

बाटलीचा सापळा चाळीस मिनिटांत लागला. डब्यात पहिला दिवस ती काळीच होती, जवळजवळ पूर्ण दिवस. मी घाबरले, पण पाणी ठीक होतं. संध्याकाळी तिने एक तुकडा खाल्ला आणि निळी झाली. पाच दिवस ठेवली. खडक पूर्ण बदलले, दोन ढिगारे केले. क्लाउननी दुसऱ्याच दिवशी डावा कोपरा धरला, यावेळी खालचा. गोबीने वाळूत नवं बीळ केलं. सहाव्या रात्री दिवे मालवून तिला सोडलं.

आज पंधरा दिवस झाले. पाठलाग पूर्ण थांबलेला नाही. गोबी तिच्या ढिगाऱ्याशी आला तर हाकलते, पण मधल्या वाळूवर थांबते आणि परत फिरते. दर्यावर्दी म्हणाले होते तसंच, हद्द लागल्यासारखी. गोबीचे पर शाबूत आहेत. रोज बघते.

काच पुसताना अजून ती पळते आणि काळी होते. पण आता मी हात सावकाश घालते, आणि आधी त्याच कोपऱ्यात थोडं खाणं सोडते. हात काढल्यावर मोजते. पहिल्यांदा वीस झाले होते. काल अकरावर पाठ निळी झाली. आज सातवर.

तिच्या नव्या बिळाशेजारी बार्नकलचा एक सांगाडा ठेवलाय, अजून तिने त्याकडे बघितलेलंही नाही. शेवाळवेडी, माझ्या टाकीत जोडीदार आणायचा विचार आत्ताच करू नये ना?

---

शेवाळवेडी | २९ मार्च, रात्री ९:१०

नका करू. दोनशे लिटरमध्ये आणि ती स्थिरावलेली असताना नकोच. माझी तिघं लहानपणी एकदम आली म्हणून जमलं. सांगाडा मात्र राहू द्या. आणि सातचे पाच झाले की इथे येऊन लिहा.